पान सत्तावन्नवरची काळी पट्टी

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
थापूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन सोडून पत्र लिहितो आहे, कारण आमच्या मंडळाने ठराव केला आहे की महत्त्वाचं काहीही फोनवर बोलायचं नाही, फोन ऐकले जातात. ठराव एकमताने झाला आणि तो झाल्याचं अध्यक्षांनी सगळ्यांना फोन करून कळवलं.

मंडळ म्हणजे अवकाश-सत्य अभ्यास मंडळ. दर रविवारी लॉंड्रीच्या वरच्या खोलीत जमतं. खालून इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे चर्चा लवकर तापते. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, उपाध्यक्ष लॉंड्रीवाले, एक निवृत्त भूगोलाच्या बाई आहेत, आणि चिटणीस मी. दुकान सांभाळून करतो. वजनकाटे काय, सोमवारीही दुरुस्त होतात.

आता मुद्दा. लष्कराने जुने कागद खुले केले आहेत. आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंविषयीची फाइल, तीनशे बारा पानं, जागोजागी काळ्या पट्ट्या मारलेली. त्यातलं पान सत्तावन्न जसंच्या तसं उतरवतो:

"सायंकाळी ६.४० वा. उत्तर हद्दीवर लांबट आकाराची प्रकाशमान वस्तू स्थिर अवस्थेत दिसून आली. सदर वस्तू अचानक वेगाने वर जाऊन दिसेनाशी झाली. सदर वस्तू आमच्याकडील नाही. ती ██████████ यांच्याकडील असल्याची शक्यता नाकारता येत नाही."

तारीख सतरा ऑक्टोबर. साल बावन्न वर्षांपूर्वीचं. ताई, मी नऊ वर्षांचा होतो, गच्चीवरून वाळलेले कपडे काढत होतो, आणि उत्तरेला लांबट, उजेड असलेलं काहीतरी हवेत थांबलं होतं. बघता बघता ते सुटल्यासारखं वर गेलं. मी खाली येऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी माझ्या पाठीचं काय केलं ते तुला आठवत असेलच. थापा मारतो म्हणून मी थापू झालो तो तेव्हापासून. आज बाजारातलं गिऱ्हाईकसुद्धा थापूशेठ म्हणतं, आणि त्याला वाटतं हे माझं लाडाचं नाव आहे.

चाळीस वर्षं काटे तपासण्यात गेली, त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. त्या काळ्या पट्टीला व्हर्नियर कॅलिपर लावला. ४६.२ मिलिमीटर. त्या टाइपरायटरचं एक अक्षर किती जागा घेतं ते काढलं, भागाकार केला आणि शब्दकोश घेऊन बसलो. 'परग्रहावरील रहिवासी' हे शब्द तंतोतंत बसतात. अध्यक्षांनी 'शेजारचं राष्ट्र' बसवून पाहिलं, पण ते ढिलं होत होतं.

सोळा मार्चला, रविवारी, आमची जाहीर सभा आहे. तू त्याच कचेरीच्या दप्तरात एक्केचाळीस वर्षं टाइप करत होतीस. तू फक्त व्यासपीठावर बसून एवढं सांगायचं, की हा कागद अस्सल आहे. बाकीचं मी बोलेन. बावन्न वर्षं पाठ आहे मला.

गुडघा कसा आहे ते कळव. लोभ जुन्याच मापाने चालू ठेव.

तुझा
थापू


दि. ११ फेब्रुवारी

चि. थापूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकिटाला तू तीन ठिकाणी चिकटपट्टी आणि वर लाखेचा ठिपका लावला होतास. त्यामुळे पोस्टमनने ते खालच्या बिऱ्हाडासमोर कानाशी धरून हलवलं आणि आत दागिना आहे का, अशी चौकशी केली. आता सगळ्या जिन्याला ठाऊक आहे की मला काहीतरी गुप्त येतं. पुढच्या वेळी साधं पाकीट वापर, कोणी ढुंकून बघणार नाही. गुप्ततेची नोकरी मी केली आहे, तू नाही.

'शक्यता नाकारता येत नाही' हे वाचून तुमच्या डॉक्टरांना हर्षवायू झाला असेल. मी ते वाक्य दिवसातून तीनदा टाइप केलं आहे. एकदा आमच्या विभागातला टेबलपंखा नाहीसा झाला. रीतसर चौकशी झाली, आणि सदर पंखा उंदरांनी नेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असा अहवाल वर गेला. वर सही झाली, पंखा यादीतून उडाला आणि उंदीर कागदावर आले. पुढे उंदीर पकडायला माणूस नेमायचं ठरलं, तेव्हा त्या प्रस्तावाला पुरावा म्हणून हाच पंखा जोडला होता. तेव्हा बाबा रे, नाकारता न येणं म्हणजे मान्य करणं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की सही करणाऱ्याला घरी जायची घाई होती.

काळ्या पट्ट्यांचंही तेच. लोकांना वाटतं खाली भलतंसलतं दडलं आहे. मी पट्टीखाली एका साहेबांच्या बुटांचं माप पाहिलं आहे, आणि एका बैठकीत किती बिस्किटं लागली तो आकडाही. कागद खुले करायचे तर आधी झाकायचे, असा नियमच होता. झाकून झाल्यावर बाहेर यायला त्यांना अकरा वर्षं लागली, कारण पट्ट्या बरोबर पडल्या का हे तपासायला जी समिती नेमली, तिला पट्ट्यांखालचं वाचायची परवानगी नव्हती.

आणि कॅलिपरवाल्या, तुझ्याकडे आहे ती झेरॉक्स. झेरॉक्समध्ये कागद थोडा आखडतो. तुझ्या रहिवाशांचे पाय पट्टीबाहेर येतात की काय ते बघ एकदा.

तारखेचं म्हणशील, तर वर्षात तीनशे पासष्ट तारखा असतात, एखादी जुळायचीच. सभेला येणं मात्र जमणार नाही. गुडघा जिना उतरायला राजी नाही, आणि या वयात व्यासपीठावर बसून मी काय दिवे लावणार? भावजयीला आशीर्वाद सांग.

मायेत काहीही घट नाही, याची नोंद घ्यावी.

तुझी
ताई


दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झेरॉक्सचा मुद्दा बिनतोड होता. ज्या वाचनालयात मूळ कागद मांडून ठेवले आहेत तिथे जाऊन मी काचेवरून माप घेतलं. ४७.१ निघालं. रहिवासी आता किंचित सैल बसतात, पण बसतात. काचेला कॅलिपर लावल्याबद्दल तिथल्या माणसाने माझं नाव लिहून घेतलं, आणि मंडळाच्या मते हाच पुरावा आहे.

तुझं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं आणि मंडळ उभं फुटलं. डॉक्टरांचं म्हणणं, लष्कराने यान मान्य केलं. लॉंड्रीवाल्यांचं म्हणणं, मान्य केलेलं नाही, फक्त नाकारलेलं नाही, आणि न नाकारणं हे मान्य करण्यापेक्षा दोन पायऱ्या वरचं आहे. यान दोघांनाही हवंच आहे, ते कोणत्या दाराने आत आणायचं यावर भांडण. लॉंड्रीवाल्यांनी डॉक्टरांचे पांढरे कोट इस्त्रीला घेणं बंद केलं आहे, त्यामुळे डॉक्टर चुरगळलेल्या कोटात पेशंट तपासतात. इकडे लॉंड्रीवाल्यांची दाढ ठणकते आहे, पण ते गाल धरून बसले आहेत, दवाखान्यात जात नाहीत. भूगोलाच्या बाईंनी वैतागून राजीनामा दिला, मग विसरलेली छत्री न्यायला परत आल्या आणि वाद रंगात आला होता म्हणून थांबल्या. आता दोन्ही गटांच्या इतिवृत्तात त्या हजर आहेत.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. ताई, तू पंख्यावर लिहिलंस, उंदरांवर लिहिलंस, बिस्किटांवर लिहिलंस. तारखेवर एक ओळ लिहिलीस आणि लगेच गुडघा पुढे केलास. तुझा गुडघा मला माहीत आहे. तो तुला नको असेल तिथेच दुखतो.

वाचनालयात मूळ पान बघताना एक गोष्ट लक्षात आली, ती मंडळात कोणाला सांगितलेली नाही. पानाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एक बारकी पट्टी आहे, नऊ मिलिमीटरची. तिथे टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात. हे मला तूच शिकवलं होतंस. नवी नोकरी लागल्यावर तू घरच्या वाणसामानाच्या यादीखालीसुद्धा आपली आद्याक्षरं टाकायचीस आणि अण्णा हसायचे. त्या पानाला डावीकडे तीन बोटं समास सोडलेला आहे. संदर्भ क्रमांकाखाली दोन रेघा आहेत. तू परवा पाठवलेल्या पाकिटावर माझ्या पत्त्याखाली दोन रेघा आहेत.

ही पट्टी मी अक्षरांशी ताडून बघितलेली नाही. बघायची भीती वाटली. तूच काय ते सांग.

माझ्याकडून लोभात कसर नाही. तुझ्याकडचा काटा तू बघ.

तुझा
थापू


दि. २२ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. रागावू नका.

दोन आठवडे ह्यांचं कशात लक्ष नाही. दिसेल ते मोजतात. परवा वर्तमानपत्रातल्या एका शोकसंदेशाची काळी चौकट मोजत होते. मी म्हटलं, त्या बिचाऱ्याचं वजनही करा आता. तर हसले नाहीत. मला विचाराल तर ते यान आलं काय नि गेलं काय, सारखंच. आलंच तर ठेवायला घरात जागा नाही.

पण वन्सं, हे यानाचं खूळ नाही हे तुमच्या ध्यानात यावं म्हणून लिहिते. मुलगी शाळेत असताना तिने एकदा विचारलं होतं की बाबांना थापू का म्हणतात. लहानपणचं आहे एवढं बोलून हे दुकानाच्या आतल्या खोलीत गेले आणि मुळातच बरोबर असलेला एक काटा तासभर बरोबर करत बसले. तुम्ही त्या नावाने हाक मारता तेव्हा हे हसतात ना, ते हसू मला माहीत आहे. गिऱ्हाईक उगाच काट्याला नावं ठेवतं तेव्हाही हे तसंच हसतात.

मामंजींनी ती प्रमाण वजनांची पितळी पेटी तुम्हाला दिली. दुकानातला प्रत्येक काटा त्या वजनांवरून जुळवायचा, आणि दुकान सांभाळणाऱ्याच्या हाती ती दिली नाही. थापा मारणाऱ्याला खरी वजनं देणार नाही, हे त्यांचे शब्द मी नवी सून असताना माझ्या कानांनी ऐकले. हे आजपर्यंत लोकांना सांगतात की वडिलांची पेटी बहिणीकडे आहे, पॉलिशला. तीस वर्षं पॉलिश चाललं आहे.

ह्यांना वाटतं, त्या कागदाने एवढं सिद्ध झालं की अण्णांच्या फोटोकडे मान वर करून बघता येईल. तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगा. काही नसेल तर तसं सांगा. पण पंखे आणि उंदीर नकोत.

कमीजास्त लिहिलं असेल तर धाकटी म्हणून पोटात घाला, आणि माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
भावजय


दि. १ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद घ्यायचे की नाहीत, ते हे पत्र वाचून तू ठरव.

टाइप करते आहे, कारण हाताने लिहिताना चारदा कागद फाडला. मशीनवर बोटं चालू लागली की थांबत नाहीत, ती सवय आज कामाला येते आहे.

नऊ मिलिमीटरची पट्टी माझी आहे. पान सत्तावन्न मी टाइप केलं, अठरा ऑक्टोबरला सकाळी, नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात.

आधी तुमच्या यानाचं सांगते. विमानं शोधणाऱ्या प्रकाशझोताचा सराव करायला आमच्या तुकडीकडे एक लांबट चंदेरी फुगा होता. खाली दिवा टांगायचा आणि जाड तारेने गाडीला बांधून वर सोडायचा. त्या संध्याकाळी तार तुटली आणि फुगा गेला. आता फुगा आमचा म्हटला तर तार कोणी तपासली, कोणाच्या सहीने वर सोडला, हे सगळं निघालं असतं. म्हणून भांडाराच्या साहेबांनी सांगितलं, लिहा, सदर वस्तू आमच्याकडील नाही. मग कोणाची? तर तुझ्या त्या ४७.१ मिलिमीटरखाली 'शेजारील तुकडीचे भांडार' एवढे तीन शब्द आहेत. रहिवासी बिहिवासी कोणी नाहीत. ब्रश जाड होता, म्हणून पट्टी आजूबाजूलाही पसरली.

शेजारच्या भांडाराने उलट टपाली कळवलं की त्यांच्याकडीलही नाही, तिसऱ्या तुकडीची असल्याची शक्यता नाकारता येत नाही. तिसरीने चौथीवर ढकललं. पुढची सगळी पानं म्हणजे एकेकाने हात वर केल्याची पत्रं आहेत. पहिली छप्पन्न फाइलला शीर्षक काय द्यायचं यावर आहेत. शेवटी सगळ्यांनी अंग काढून घेतल्यावर कागदोपत्री ती वस्तू पृथ्वीवर कोणाचीच राहिली नाही. एवढ्यापुरतं तुमच्या मंडळाचं म्हणणं खरं आहे.

आता माझं.

अण्णांनी सतरा तारखेला तुझ्यावर हात उगारला नव्हता. ते म्हणाले होते की पोरगी त्याच कचेरीत आहे, उद्या तिला विचारू, मग ठरवू. अठराला संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तू भिंतीला पाठ लावून उभा होतास आणि माझ्याकडे बघून तुझा चेहरा खुलला. सुटका करणारी आली असं वाटलं तुला. अण्णांनी विचारलं की कचेरीत असं काही कानावर आलं का. मी त्या पानाच्या सहा प्रती काढल्या होत्या. कार्बनची निळी शाई बोटांना तशीच होती. मी हात पाठीमागे धरले आणि नाही म्हणाले.

अण्णांनी पट्टा काढला. तू ओरडला नाहीस. माझ्याकडेच बघत होतास.

गुप्ततेच्या शपथेवर सही केली होती हे खरं. नोकरी कच्ची होती हेही खरं. इतकी वर्षं मी याच दोन गोष्टींच्या आड बसले. पण मला सांगता येत नाही, एवढं म्हणायला कोणती शपथ आड येत होती? अण्णांना तेवढ्यावरून कळलं असतं. मला ते सुचलं नाही असं म्हणायला हवं, पण तेही खोटं आहे. सुचलं होतं. भीती वाटली.

अकरा वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या आधी, कागदांवर पट्ट्या मारायचं काम आमच्या टेबलावर आलं. एक दिवस ढिगातून हेच पान वर आलं. मजकुरावरची पट्टी नियमाने मारली. आद्याक्षरं झाकायचा नियम नव्हता. ती मी माझ्यासाठी झाकली. म्हणजे तुला मी एकदा नाही, दोनदा झाकलं. वर प्रत्येक पत्रात ते नाव लिहीत राहिले, लाडाने. अण्णांनी पेटी दिली तीही घेतली. कपाटाच्या खालच्या खणात आहे. दरवर्षी पुसते, उघडून बघत नाही.

तू खोटं बोलला नव्हतास. तू पाहिलंस ते होतं, उत्तरेलाच होतं, सहा चाळीसलाच होतं, आणि तू म्हणालास तसंच वर गेलं. हे मला बावन्न वर्षं ठाऊक होतं आणि अण्णा गेले तरी मी बोलले नाही. याची क्षमा मागायलाही लाज वाटते.

सभेत या पत्राचं काय करायचं ते तू ठरव. फाडलंस तरी चालेल, वाचलंस तरी चालेल. पान खुलं झालं आहे, आता शपथ उरलेली नाही. लोभ ठेव असं लिहायचा धीर होत नाही.

ताई


दि. १९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार शेवटी येईल. आधी राग.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. सकाळी तू आपल्या हाताने टाइप केलंस आणि संध्याकाळी माझ्यासमोर नाही म्हणालीस, हे काही केल्या गिळवेना. तू ओशाळून लिहिलं आहेस, मला दिसतं ते. तरी राग आला आणि तो खरा होता. आज तो कमी झाला आहे, गेलेला नाही. काटा आहे तसा सांगतो.

सभेत मी भाषण केलं नाही. तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, अण्णांच्या पट्ट्यासकट. चाळीसेक माणसं होती. वाचून झाल्यावर मी पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग डॉक्टर उठले. म्हणाले, निवृत्त कर्मचारी अचानक फुग्याची गोष्ट सांगू लागते, तीही टाइप करून, समास सोडून, याहून मोठी कबुली कोणती? लॉंड्रीवाले म्हणाले की आयुष्यात पहिल्यांदा ते अध्यक्षांशी शंभर टक्के सहमत आहेत. तिथल्या तिथे दोन्ही गट एक झाले. तुझं पत्र म्हणजे लष्कराने फुग्याआडून दिलेला कबुलीजबाब असल्याचा ठराव झाला आणि तुझे आभार मानण्यात आले. तू आमच्यात पेरलेली बाई आहेस, पण मनाने चांगली आहेस, असं इतिवृत्तात लिहिलं आहे. पुढच्या वर्षी तू प्रमुख पाहुणी. डॉक्टरांचे कोट पुन्हा कडक झाले आहेत आणि लॉंड्रीवाल्यांची दाढ निघाली.

ठरावाच्या विरोधात भूगोलाच्या बाई एकट्याच होत्या. सभा संपल्यावर त्या छत्री सावरत जवळ आल्या आणि त्यांनी विचारलं, फार लागलं होतं का हो? अख्ख्या सभेत मला विचारलेला प्रश्न तेवढा एकच. मी त्यांना हो म्हणालो. आजवर कोणाला म्हणालो नव्हतो.

चिटणीसपद सोडलं. खोलीची किल्ली परत दिली. मला यान नकोच होतं, ताई. यान, फुगा, भांडार, काय असेल ते असो. पोराने पाहिलं ते पाहिलं, एवढं घरातल्या कोणीतरी म्हणायला हवं होतं. दुसरं कोणी म्हणेना, म्हणून मी लष्कराकडे गेलो.

तुझ्या पत्रातली 'तू खोटं बोलला नव्हतास' ही चार शब्दांची ओळ कापून घेतली आणि दुकानात मोठ्या काट्याच्या काचेखाली ठेवली. लांबी मोजलेली नाही.

आता दोन मागण्या आहेत. पेटी पार्सलने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये आणि अण्णांच्या फोटोखाली माझ्या हातात दे. गुडघ्याची सबब चालणार नाही, मी गाडीशी खुर्ची घेऊन उभा राहीन. दुसरं मागताना लाज वाटते, पण बायको म्हणते मागाच. ते नाव नको. इतरांचं मी काही करू शकत नाही, बाजाराला आता सवय झाली आहे. तू तेवढी मारू नकोस त्या नावाने हाक.

नमस्कार. लोभ कमी भरला होता, तो आता पुरा करून दे.

तुझा
धाकटा


दि. २५ मार्च

चि. █████ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सवयीने हात लिहून गेला. मग दौत आणि जुना ब्रश शोधला आणि झाकलं. नवा कागद घेता आला असता, पण म्हटलं तुझ्या डोळ्यांदेखत झाकलेलं बरं.

रविवारी सकाळच्या गाडीने निघते आहे. गुडघ्याला विचारलेलं नाही. पेटी उघडून पाहिली. सगळी वजनं जागेवर आहेत, मखमल थोडी विरली आहे. खुर्ची नको आणूस, हात आण. प्रमुख पाहुणीचं मंडळाला कळव की विचाराधीन आहे, म्हणजे ते दहा वर्षं स्वस्थ बसतील.

राग आहे तेवढा ठेव, मी आल्यावर समोरासमोर घालव. भावजयीला सांग, तिचं पत्र मी जपून ठेवलं आहे आणि मायेची थकबाकी मी स्वतः येऊन चुकती करते.

आणि हो, कॅलिपर काढू नकोस. वरच्या पट्टीखाली काय होतं असं तू विचारलंस, किंवा आणखी कोणी विचारलं, तर माझं उत्तर आत्ताच लिहून देते. तशी कोणतीही नोंद आमच्याकडे आढळत नाही.

तुझी
ताई